दारूबंदी फसली म्हणून त्या बायका चुकल्या?

खडूफळा: परवा 'आडवाट' यांनी लिहिलं, "अमेरिकेतल्या महिला संघटनांनी देशाला दिलं काय? दारूबंदी. तीही १३ वर्षांत गुंडाळावी लागली." वाचल्यापासून डोकं फिरलंय. १८७३च्या डिसेंबरात ओहायोतल्या हिल्सबरोच्या बायका गुत्त्यांसमोर गुडघे टेकून प्रार्थनेला बसल्या, त्या हौसेनं? नवऱ्याची मजुरी गुत्त्यात जायची आणि यांना मताचा हक्क नव्हता. पुढच्याच वर्षी क्लीव्हलंडला वुमन्स ख्रिश्चन टेंपरन्स युनियन ही बायकांची दारूविरोधी संघटना उभी राहिली. १८७९मध्ये फ्रान्सिस विलर्ड अध्यक्ष झाली आणि युनियननं मताधिकार, आठ तासांचा दिवस, मुलींचं संमतिवय, सगळं अंगावर घेतलं. डेलावेअरमध्ये संमतिवय ७ होतं. सात! ते वाढवायला सह्या कुणी गोळा केल्या?

आडवाट: भावना पोचल्या, निकालाचं बोला. १९२० ते १९३३ चोरटी दारू, टोळ्या, विषारी दारूनं मेलेली माणसं. आणि बंदी उठवायला लढलं कोण? पॉलिन सेबिन. १९२९मध्ये तिनं त्यासाठी बायकांचीच संघटना काढली.

सांजवात: निकाल म्हणता? माझ्या वडिलांचा पगार शनिवारी व्हायचा. आई मला गिरणीच्या फाटकाशी उभी करायची, कारण लेक समोर दिसली की ते गुत्त्याकडे वळायला लाजायचे. मी सात वर्षांची. पगाराचं पाकीट दोन्ही हातांनी छातीशी धरून घरी न्यायचे. ज्या शनिवारी मला ताप होता, त्या आठवड्यात शेजारून पीठ आणलं. टोळ्यांनी मारलेली माणसं मोजता, मग हे पीठही मोजा.

जुनी वही: सांजवातताई, तुमचं दुःख मोठं आहे. पण इथे कृष्णवर्णीय पत्रकार आयडा बी. वेल्सचं नाव कुणीच घेत नाही, याचा मला संताप येतो. लिंचिंगविरुद्ध, म्हणजे जमावानं कृष्णवर्णीयांना खटल्याविना ठार मारण्याविरुद्ध, लिहिलं म्हणून १८९२मध्ये मेम्फिसला जमावानं तिच्या वर्तमानपत्राची कचेरी फोडली. १८९४मध्ये तिनं इंग्लंडात विलर्डची जुनी मुलाखत पुन्हा छापून आणली. कृष्णवर्णीयांची वाढ टोळधाडीसारखी होते, असं तीत विलर्ड बोलली होती. दक्षिणेतल्या गोऱ्या सभासद दुखावतील म्हणून विलर्डनं लिंचिंगबद्दल मिठाची गुळणी धरली, हाच वेल्सचा आरोप.

खडूफळा: ती मुलाखत मी वाचली आहे. पण कृष्णवर्णीय लेखिका फ्रान्सिस हार्पर याच युनियनमध्ये कृष्णवर्णीयांमधलं काम बघत होती. तिला कळत नव्हतं?

जुनी वही: हार्परला ढाल करू नका! तिला सगळं कळत होतं, आत राहून ती भांडत होती. १८९६मध्ये कृष्णवर्णीय बायकांना आपली वेगळी राष्ट्रीय संघटना का काढावी लागली, मेरी चर्च टेरेल तिची अध्यक्ष का झाली, ते सांगा. १९१३च्या वॉशिंग्टनच्या मताधिकार मोर्चात वेल्सला मागच्या रांगेत चालायला सांगितलं. तिनं ऐकलं नाही. कडेला थांबली आणि इलिनॉयची तुकडी आली तशी तीत शिरली. शिकवताना हे सोडून देता तुम्ही लोक.

खडूफळा: "तुम्ही लोक" म्हणजे कोण? मी वीस वर्षं इतिहास शिकवतोय, वेल्स दरवर्षी शिकवतो.

सांजवात: भांडा, पण पंडिता रमाबाईंना विसरू नका. आनंदीबाईंच्या पदवीदानासाठी १८८६मध्ये त्या अमेरिकेला गेल्या, या बायकांचं काम जवळून पाहिलं, १८८९च्या प्रवासवृत्तात युनियनबद्दल भरभरून लिहिलं. बॉस्टनच्या रमाबाई असोसिएशननं दहा वर्षं मदतीचं कबूल केलं, तेव्हा मुंबईत शारदा सदन उघडलं. आमच्या विधवा मुलींच्या ताटात त्या वर्गणीचं अन्न होतं.

जुनी वही: ते ऋण मानतेच. वेल्सला त्यातून उत्तर मिळत नाही.

आडवाट: संमतिवयाचं मला ठाऊक नव्हतं. "दिलं काय" एवढं मागे घेतो. दारूबंदी चूकच होती, त्यावरून हलणार नाही. सांजवात, पिठाचं वाचलं.

खडूफळा: जुनी वही, रात्रभर विचार केला. विलर्डबद्दल मला फार आदर आहे, म्हणून हे लिहायला जड जातंय. त्या भांडणात वेल्स बरोबर होती.