मातीच्या धरणाच्या पायथ्याला पाणी झिरपतंय, कितपत घाबरायचं? (मदत हवी आहे)

बांधावरून:
मंडळी, धरणाच्या कामावर असलेलं किंवा या विषयातलं जाणतं कोणी इथे असेल तर कृपया लवकर लिहा.

गावाच्या वरच्या अंगाला लघु पाटबंधाऱ्याचा जुना तलाव आहे, मातीचं धरण. पाटीवर साठा 1,120 सघमी (सहस्र घनमीटर) आणि सिंचन 138 हेक्टर लिहिलंय. भराव जमिनीपासून साडेनऊ मीटरच्या आसपास उंच असेल. सांडव्याला दारं नाहीत. यंदा परतीच्या पावसाआधीच तलाव भरला आणि सांडवा वाहतोय.

पायथ्याच्या दगडी टोमधून (निचऱ्यासाठी रचलेल्या दगडांतून) थोडं पाणी दरवर्षी येतं आणि चरीने ओढ्याला जातं. त्याचं कुणाला काही वाटत नाही. यंदा मात्र विमोचकाच्या (तलावातून कालव्याला पाणी सोडायच्या दाराच्या) नळाच्या बाजूला, टोच्याही वर दोन-अडीच हातांवर, भरावच ओला झालाय. पाय दिला की चप्पल रुतते. मधोमध अंगठा जाईल एवढं भोक आहे, त्यातून सारखं पाणी येतं. दिसायला स्वच्छ आहे.

गावात दोन तट पडलेत. एक म्हणतो मातीचं धरण झिरपणारच. दुसऱ्याला सांडव्यावर पोती रचून दीड-दोन फूट पाणी जास्त अडवायचंय, म्हणजे रब्बीला एक पाळी वाढेल. पोती भरूनही ठेवलीत. मी एका कार्यालयात फोन केला, त्यांनी दुसऱ्याचा नंबर दिला, दुसऱ्याने परत पहिल्याचा.

हे झिरपणं नेहमीचं की धोक्याचं, हे आपल्याला कसं कळणार? पोतीवाल्यांना काय सांगू? आणि लेखी द्यायचं कुणाला?

काळीभोर:
एवढं टेन्शन नका घेऊ दादा. ओल्या जागेवर काळी माती टाकून चांगली चोपा, वर ताडपत्री. आमच्या शेततळ्याला असंच केलं, एक थेंब गळत नाही.

निवृत्त शाखा अभियंता:
काळीभोर, राग मानू नका, पण हे अजिबात करू नका. शेततळ्यात तुम्ही आतून लिंपता, इथे पाणी बाहेर पडतंय तिथे बूच मारायला सांगताय. ते पाणी थांबत नाही. भरावात अडून दाब वाढवतं आणि दुसरीकडून, बहुधा आणखी वरून, फुटतं. बाहेरच्या बाजूला पाण्याला वाट द्यायची असते, मातीला अडवायचं असतं. म्हणून आधी जाड वाळू, तिच्यावर बारीक खडी, वर मोठे दगड, असा उलटा गाळणथर घालतात. पाणी निघून जातं, भरावाचे कण मागे राहतात. टोच्या आत मुळात तेच केलेलं असतं.

बांधावरून, आता तुमचं. मातीचं धरण झिरपतं हे खरं, आणि टोमधून येणारं पाणी म्हणजे निचरा चालू असल्याचीच खूण. पण तुमची जागा दोन कारणांनी मला आवडलेली नाही. एक, ओल टोच्या वर आहे. म्हणजे भरावातली पाण्याची रेषा निचऱ्यात न उतरता उतारावर बाहेर पडतेय. दुसरं, ती नळाच्या बाजूला आहे. नळाच्या कडेने रोलर नीट फिरत नाही, माती पोकळ राहते आणि पाणी नळाला धरून वाट काढतं. मातीचं धरण आतून पोखरलं जायची सुरुवात बऱ्याचदा तिथूनच होते. पाणी जाताना चिमूट चिमूट माती नेतं, भोक मागे मागे तलावाकडे सरकतं, आणि एकदा का ते आरपार झालं की पुढचा खेळ काही तासांचा.

आता एवढं करा. भोकाचं पाणी काचेच्या बाटलीत भरून रात्रभर हलवू नका. डोळ्यांना स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यातही तळाला गाळ बसतो. भोकाखाली पन्हळ लावून बादली भरायला किती सेकंद लागतात ते सकाळ-संध्याकाळ लिहा, आणि शेजारी तलावाची पातळीही लिहा. पातळी वाढली आणि झिरप वाढली, तर समजू शकतो. पातळी तीच आणि बादली लवकर भरायला लागली, तर वेळ घालवू नका. भरावावर झुडपं असतील तर पाहता येईल इतकी छाटा. मोठं झाड मात्र मुळासकट उपटू नका, तो खड्डाच पाण्याला वाट होतो.

पोत्यांचं सांगतो. सांडव्याचा माथा आणि धरणाचा माथा यांत ठेवलेलं अंतर वाया गेलेली जागा नव्हे. पूर आला की सांडव्यावरून पाणी जाताना तलाव तेवढा वर चढतो, शिवाय लाटा असतात. पोत्यांचे दोन फूट त्यातूनच जाणार. काँक्रीटच्या धरणावरून पाणी गेलं तर ते बहुतेक वेळा टिकतं. मातीच्या धरणावरून गेलं तर बाहेरचा उतार कापत जातं आणि भराव राहत नाही. वर तुमचा भराव आधीच पाझरतोय, त्याच्यावर आणखी दोन फुटांचा दाब कशाला?

वाशिष्ठीकाठ:
पोतीवाल्यांना तिवरे सांगा. चिपळूण तालुक्यातलं, मातीचंच धरण. 2 जुलै 2019 च्या रात्री फुटलं, भेंदवाडी वाहून गेली, वीसहून जास्त माणसं गेली. गळतीच्या तक्रारी लोकांनी आधीच केल्या होत्या. नंतर काय, तर मंत्रिमहोदयांनी खेकड्यांवर खापर फोडलं. खेकडे बिळं करतात हो, पण बिळं वेळेत शोधून बुजवायला माणूस लागतो ना!

लेखी कळवा:
कुणाला लिहायचं त्याबद्दल. 100 हेक्टरपर्यंतच्या योजना साधारण जिल्हा परिषदेकडे, 101 ते 600 हेक्टरच्या मृद व जलसंधारण विभागाकडे. तुमची 138 हेक्टरची, म्हणजे जलसंधारणाकडे असायला हवी. पण वाद तिथे घालत बसू नका. एकच अर्ज दोघांना द्या आणि वर जिल्हाधिकाऱ्यांचं नाव घाला. आपत्ती व्यवस्थापन कायदा 2005 नुसार जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष तेच असतात, त्यांना "आमच्याकडे येत नाही" म्हणता येत नाही. पोच घ्या. फोटोत मोजपट्टी आणि तारीख दिसू द्या. ग्रामसभेचा ठराव जोडला तर उत्तम, पण ठरावासाठी अर्ज अडवून ठेवू नका. आधीचे तपासणी अहवाल माहिती अधिकारात मागा आणि जीविताचा प्रश्न आहे असं स्पष्ट लिहा, मग उत्तराची मुदत 30 दिवसांऐवजी 48 तास होते.

धरण सुरक्षा कायदा 2021 ही पाहा. 15 मीटरवरची धरणं सरसकट त्यात येतात. 10 ते 15 मीटरमधली येतात ती काही अटींवर, त्यातली एक म्हणजे साठा किमान 10 लाख घनमीटर. तुमचा 1,120 सघमी म्हणजे 11 लाख 20 हजार, ही अट बसते. प्रश्न उंचीचा. कायद्यात ती जमिनीपासून नाही, पायापासून मोजतात. साडेनऊ मीटरचे नकाशावर दहाच्या वर निघाले, तर पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी करणं मालक खात्याला बंधनकारक आहे. नकाशा मागाच.

बांधावरून:
सगळ्यांचे आभार. बाटलीच्या तळाला पिवळसर गाळ बसला, बोटाच्या पेराच्या निम्मा. तलावाची पातळी सांडव्यालाच आहे, पण बादली कालच्यापेक्षा लवकर भरतेय. विमोचक पूर्ण उघडून तलाव रिकामा करावा असं पोरं म्हणतायत. चावी पाटकऱ्याकडे आहे, तो द्यायला तयार आहे.

निवृत्त शाखा अभियंता:
चावीला हात लावू नका. गळती नळातूनच असेल तर तुम्ही तिथेच पाणी जोरात सोडाल. शिवाय तलाव झपाट्याने उतरवला की आतल्या उताराची ओली माती पाण्याच्या आधाराशिवाय लटकते आणि पिचिंगसकट (वर बसवलेल्या दगडांसकट) घसरते. पाणी कमी करायचंच आहे, पण कुठून आणि किती वेगाने ते जागेवर आलेल्या अभियंत्याने ठरवायचं.

तुम्ही आत्ता 1077 ला फोन करा, जिल्हा नियंत्रण कक्ष. "गढूळ गळती, वाढती" हे शब्द वापरा. मध्य प्रदेशात धार जिल्ह्यातल्या कारम धरणाला ऑगस्ट 2022 मध्ये अशीच गळती लागली, तेव्हा खालची गावं आधी हलवली आणि बाजूने चर खोदून पाणी काढलं. वेळेत कळलं म्हणून जमलं.

आणि ओढ्याकाठच्या घरांना आजच सांगा. रात्री पाळी लावा, दोघे दोघे, भरावावर न चढता बाजूच्या उंचवट्यावरून. पाणी एकदम वाढलं, तलावात नळाच्या वर भोवरा दिसला, किंवा माथ्यावर खड्डा बसला, तर बघत उभं राहायचं नाही. भोंगा वाजवायचा, माणसं ओढ्यापासून आडवी वर काढायची, ओढ्याच्या कडेने खाली पळायचं नाही.

काळीभोर:
काका, माझा सल्ला मागे. बांधावरून, त्या पोत्यांतली वाळू गाळणथराला चालेल का बघा.

बांधावरून:
पोत्यांत मुरूम आहे, वाळू नाही. पण गरज पडली नाही.

1077 वर बोलल्यावर संध्याकाळी तहसीलदार आणि उपअभियंता आले. दुसऱ्या दिवशी जाड वाळूचा टिप्पर आला आणि काका म्हणाले तसाच थर घातला. आता त्यातून येणारं पाणी बाटलीत ठेवलं तर तळ स्वच्छ राहतो. नळाची तपासणी होईपर्यंत विमोचक बंद आहे. भरावावरून सायफनचे पाईप टाकून पाणी हळूहळू उतरवतायत, रोज किती उतरवायचं ते साहेब ठरवतात. ओढ्याकाठची घरं शाळेत आणलीत. नकाशा अजून मिळालेला नाही, माहिती अधिकाराचा अर्ज दिलाय.

पोतीवाले गप्प आहेत असं समजू नका. उतरवलेलं पाणी ओढ्याला सोडण्याऐवजी चारीत घ्यावं आणि पहिली पाळी आपल्याला मिळावी, यावरून त्यांची आता उपअभियंत्यांशी घासाघीस चालू आहे.