मॉर्मनांवरचा रोष खरंच धर्मामुळे होता का?

धुळाक्षर
अमेरिकेतल्या मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचा विषय निघाला की 'धर्मापायी छळ झालेले लोक' एवढंच ऐकू येतं. मला हे अर्धवट वाटतं. जोसेफ स्मिथने ६ एप्रिल १८३० ला न्यूयॉर्क राज्यात पंथ स्थापला. नवे पंथ तेव्हा तिथे पैशाला पासरी निघत होते, सगळ्यांना काही कुणी हाकललं नाही. मिसुरी राज्याच्या जॅक्सन काउंटीत (जिल्ह्यात) बिनसलं ते सत्तेवरून. 'ही भूमी देवाने आम्हाला नेमून दिली' म्हणत मॉर्मन येत राहिले, जमिनी घेत राहिले. पुढची निवडणूक हातची जाणार हे जुन्या रहिवाशांना दिसत होतं. त्यात मिसुरी गुलामगिरीचं राज्य. जुलै १८३३ मध्ये मॉर्मनांच्या वृत्तपत्राने मुक्त कृष्णवर्णीयांनी राज्यात येण्याबाबतचे कायदे छापले. त्याच महिन्यात जमावाने त्यांचा छापखाना पाडला, त्यांचे धर्मगुरू बिशप पार्ट्रिज यांना डांबर फासून वर पिसं चिकटवली. धर्म निमित्तमात्र होता.

नदीकाठ
अजिबात पटलं नाही. जमीन विकत घेणं गुन्हा आहे का? एकगठ्ठा मतदान तरी? आणि धर्म निमित्तमात्र असेल, तर जॅक्सन काउंटीच्या रहिवाशांनी काढलेल्या जाहीरनाम्यात 'हे देवाशी बोलल्याचं सांगतात, हात ठेवून आजारी माणसं बरी करतात म्हणे' ही तक्रार कशाला होती?

२७ ऑक्टोबर १८३८ ला मिसुरीचा गव्हर्नर बॉग्ज याने लेखी हुकूम काढला: मॉर्मनांना शत्रू समजा, नायनाट करा किंवा राज्याबाहेर हाकला. तीनच दिवसांनी हॉन्स मिल या मॉर्मन वस्तीत सशस्त्र टोळीने १७ जण मारले. माणसं लोहाराच्या दुकानात शिरली होती. ओंडक्यांच्या भिंतींमधल्या फटींतून त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. भात्याखाली लपलेल्या दहा वर्षांच्या पोरालाही सोडलं नाही. हे कसलं राजकारण?

धुळाक्षर
हॉन्स मिलचं समर्थन कोण करतंय? पण तो हुकूम त्या टोळीला मिळाला होता याचा पुरावा नाही. आणि त्याआधीचं विसरू नका. त्याच वर्षी ४ जुलैला मॉर्मनांचा पुढारी सिडनी रिग्डन याने जाहीर भाषणात विरोधकांना नायनाटाची धमकी दिली होती. ऑक्टोबरमध्ये मॉर्मनांनी गॅलॅटिन गावात लुटालूट करून जाळपोळ केली. टाळी एका हाताने वाजत नाही.

पानझड
मला तर मिसुरीतून हाकलल्यानंतरचं नावू शहराचं प्रकरण जास्त बोचतं. इलिनॉयमध्ये त्यांना स्वतःचं शहर मिळालं, सनद मिळाली, स्वतःची फौज उभी राहिली. ७ जून १८४४ ला पंथातल्याच असंतुष्टांनी 'नावू एक्स्पॉझिटर' हे वृत्तपत्र काढून गुप्त बहुपत्नीत्व उघड केलं. एकच अंक निघाला. १० तारखेला नगरपालिकेने छापखाना उद्ध्वस्त करायला लावला, आणि महापौर होता स्वतः स्मिथ! ज्यांचा छापखाना १८३३ मध्ये मोडला, त्यांनीच हे करावं?

नदीकाठ
पानझड, हे चूकच होतं, आणि फार गंभीर. पण त्यासाठी अटक झाली, खटला चालला असता. त्याआधीच २७ जूनला इलिनॉयमधल्याच कार्थेज गावच्या तुरुंगात शिरून जमावाने जोसेफ आणि त्याचा भाऊ हायरम यांना ठार केलं. त्या खुनाच्या खटल्यातले पाचही आरोपी १८४५ मध्ये निर्दोष सुटले.

धुळाक्षर, 'एका हाताने टाळी' म्हणणाऱ्यांनी डॉनिफनचं वागणं पाहावं. तो मॉर्मन नव्हता, मॉर्मनांविरुद्ध पाठवलेल्या मिसुरीच्याच फौजेतला अधिकारी होता. १८३८ मध्ये स्मिथला गोळ्या घालायचा हुकूम आल्यावर त्याने 'हा थंड डोक्याने केलेला खून ठरेल' असं कळवून साफ नकार दिला. गॅलॅटिन त्यालाही ठाऊक होतं. बॉग्जचा हुकूम मात्र १९७६ मध्ये रद्द झाला.