‘रन आउट ऑफ’ तुमच्या तोंडी कसं बसलं? अनुभव लिहा

मराठीत वस्तू संपते. कागद संपला, शाई संपली, वेळ संपला. माणसाचा उल्लेख आलाच तर तो ‘माझ्याकडचा’, ‘आमचा’ असा कडेने येतो. इंग्रजीत मात्र माणूसच वाक्याच्या तोंडाशी येऊन उभा राहतो: ‘आय हॅव रन आउट ऑफ पेपर’. हा फरक लक्षात येईपर्यंत मी सगळीकडे ‘फिनिश्ड’ वापरायचे. एकदा प्रिंटरपाशी उभी राहून ‘माय पेपर इज फिनिश्ड’ म्हणाले, तर शेजारच्या सहकाऱ्याने मनापासून अभिनंदन केलं. माझा शोधनिबंध लिहून झाला असंच त्याला वाटलं होतं. इंग्रजीच्या दृष्टीने त्याने बरोबरच ऐकलं होतं.

काहीतरी संपलंय, कमी पडतंय, नसताना भागवायचंय, हे आपण दिवसभर बोलत असतो. त्याचं इंग्रजी तुमच्या तोंडी कसं आलं, कुठे अडलं, ते लिहा. नियम पुस्तकात मिळतात, इथे प्रसंग आणि वाक्यं हवीत.

*

मी परिचारिका आहे. आमच्याकडे हे शब्द जपूनच वापरावे लागतात. नोकरीच्या सुरुवातीला मी भांडारात फोन करून सांगितलं, ‘वी आर आउट ऑफ लार्ज ग्लव्ह्ज’. प्रत्यक्षात एक खोकं अर्धं भरलेलं होतं. मला ‘संपत आलेत’ म्हणायचं होतं. तिकडच्या माणसाने दुसऱ्या वॉर्डाचं काम बाजूला ठेवून धावत खोकी आणून दिली आणि कपाटातलं उरलेलं खोकं पाहून नुसता माझ्याकडे बघत राहिला. त्या दुसऱ्या वॉर्डात खरोखरच एकही हातमोजा नव्हता.

त्या दिवशी सिस्टरांनी मला बाजूला घेऊन तीन वाक्यं म्हणून दाखवली. ‘वी आर रनिंग लो ऑन ग्लव्ह्ज’ म्हणजे थोडे उरलेत, मागवून ठेवा. ‘वी आर रनिंग आउट ऑफ ग्लव्ह्ज’ म्हणजे संपत चाललेत, आता वेळ काढू नका. ‘वी हॅव रन आउट ऑफ ग्लव्ह्ज’ किंवा ‘वी आर आउट’ म्हणजे संपले. आपल्याकडेही ‘कमी उरलंय’, ‘संपत आलंय’, ‘संपलं’ या तीन पायऱ्या आहेतच की. मी इंग्रजी बोलताना पहिल्या दोन गाळत होते. आता ड्यूटी सोपवताना नव्या मुलींकडून ही तिन्ही वाक्यं मोठ्याने म्हणवून घेते.

*

माझं घोडं ‘ऑफ’पाशी अडायचं. ‘आय रॅन आउट टाइम’ असं लिहायचो. शेवटी स्वतःपुरती खूण केली: वाक्य माणसापासून सुरू झालं तर ‘ऑफ’ हवाच, संपणाऱ्या वस्तूपासूनच सुरू झालं तर ‘ऑफ’ नको. ‘वी रॅन आउट ऑफ टाइम’, पण ‘टाइम रॅन आउट’. दुसरं वाक्य आपल्या ‘वेळ संपला’सारखंच आहे. त्यामुळे गडबडीत मी सरळ तेच वापरतो, ते चुकत नाही.

*

‘हॅव’नंतर ‘रॅन’ येत नाही, ‘रन’च येतो, हे मला एका ईमेलने शिकवलं. मी पाठवलं होतं ‘वी हॅव रॅन आउट ऑफ टोनर’. उत्तरात समोरच्या बाईंनी चुकीचा उल्लेखही केला नाही. ‘सिन्स यू हॅव रन आउट’ अशी सुरुवात करून पुढचं सगळं लिहिलं. कुणाला सुधारायचं असेल तर असंच सुधारावं, असं तेव्हापासून वाटतं.

*

आमच्या मुलाला ‘रन आउट’ म्हणजे धावबाद एवढंच माहीत होतं. मग पुस्तकात ‘ही रॅन आउट ऑफ द रूम’ आलं, म्हणजे तो खोलीतून पळत बाहेर गेला. पुढच्याच धड्यात ‘ही रॅन आउट ऑफ टाइम’. त्याने विचारलं, ‘आई, वेळेतून बाहेर पळता येतं?’ मी समजावलं, पण त्याला पटलं नाही.

काही दिवसांनी तो आकाश रंगवत बसला होता. निळा स्केचपेन कोरडा पडला. झाकण लावलं, हलवलं, टोक ओलं करून पाहिलं, कागदावर एक फिकट रेघ उमटली आणि तीही तुटली. मग स्वतःशीच म्हणाला, ‘आय हॅव रन आउट ऑफ ब्लू’. अर्धं आकाश पांढरंच राहिलं. ते चित्र मी जपून ठेवलंय.

*

मी श्रवणयंत्र लावतो. बॅटरी संपायच्या आधी त्यातून एक बारीक सूचनेचा आवाज येतो, त्यामुळे ‘रनिंग लो’ मला अक्षरशः कानाने कळलं. मला लिहायचंय ते मात्र पुढच्या तीन शब्दांबद्दल, कारण त्यांचा घोळ फार होतो.

‘डू विदाउट’ म्हणजे नसलं तरी भागतं: ‘आय कॅन डू विदाउट द फोन’. ‘गो विदाउट’ म्हणजे हवं असून मिळालं नाही, तसंच राहावं लागलं. बॅटऱ्या येईपर्यंत मी दोन दिवस यंत्रावाचून काढले, तेव्हा ‘आय वेन्ट विदाउट’. ‘मेक डू विद’ म्हणजे आहे त्यात निभावणं. तेव्हा दुसऱ्या कानाचं जुनं यंत्र लावून मी ‘मेक डू’ केलं असतं, पण तेही बंद होतं.

आणखी एक सावधगिरी. ‘आय कुड डू विदाउट द नॉइज’ म्हणजे ‘आवाजाशिवाय माझं चालेल’ असं सौम्य काही नाही. ‘हा गोंगाट नसता तर बरं झालं असतं’ असा त्याचा रोख असतो. माझ्या एका मित्राने हे वाक्य ऐकून रेडिओ चालूच ठेवला होता.

*

थोडं शेजारचं. नोकरीच्या अर्जात मी ‘आय लॅक ऑफ एक्सपीरियन्स’ लिहिलं होतं. ‘लॅक’ क्रियापद असताना ‘ऑफ’ घेत नाही: ‘आय लॅक एक्सपीरियन्स’. नाम असताना घेतं: ‘लॅक ऑफ एक्सपीरियन्स’. वर ‘रन आउट’ला ‘ऑफ’ हवाच म्हटलंय, तिथून ही चूक सहज होते, म्हणून लिहिलं. शिवाय ‘लॅक’ म्हणजे मुळातच नाही किंवा पुरेसं नाही, आणि ‘रन आउट’ म्हणजे होतं, ते संपलं. अनुभव ‘रन आउट’ होत नाही. धीर होतो.

*

माझी नात लांब वाढली, तिला मराठी थोडं समजतं, बोलता येत नाही. दर रविवारी फोन असतो. मी आधी कागदावर इंग्रजी वाक्यं लिहून ठेवायचे, सात-आठ. ती शाळेत काय झालं ते सांगायची, मी कागदावरचं पुढचं वाक्य वाचायचे. एकदा कागद संपला आणि फोन चालूच. काय बोलावं सुचेना. मग जे खरं होतं तेच म्हणाले, ‘बाळा, आय हॅव रन आउट ऑफ सेंटेन्सेस’.

ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, ‘इट्स ओके आजी, आय हॅव लॉट्स’. मग अर्धा तास तीच बोलत होती. निम्मं कळलं, निम्मं नाही. पुढच्या रविवारी मी कागद घेतला नाही.