रात्री गोधडी शिवताना थांबायचं कधी?

सुईदोरा: आईच्या दोन जुन्या नऊवारींची गोधडी घेतलीये शिवायला, हातानेच, धावदोरा. दिवसा ऑफिस, त्यामुळे जेवणं आटपली की बसते आणि एवढी एक ओळ संपवून उठू म्हणता म्हणता एक वाजतो. आज सकाळी बघते तर शेवटच्या तीन ओळी नागमोडी आणि खालचा थर गोळा झालाय. उसवू का राहू देऊ? तुम्ही कधी थांबता?

खिडकीपाशी: उसव बाई, खालची चुणी नंतर निघत नाही. मी उजेड असतानाच पाच सुया ओवून ठेवते, पाचवी संपली की गुंडाळायचं.

वाकळवाली: आमच्या कोल्हापूरकडे वाकळ म्हणतात. आजी तिन्हीसांजेनंतर सुईला हात लावू द्यायची नाही, तेव्हा अंधश्रद्धा वाटायची, आता चाळिशी लागल्यावर कळतंय की काळ्या काठावर काळा दोरा ट्यूबलाइटमध्ये दिसतच नाही. आणि उठताना सुया मोज गं, आमच्या ह्यांच्या टाचेत गेलीये एकदा.

सुईदोरा: उसवल्या तिन्ही. आत्ता साडेबारा वाजलेत 😀