अनुभव धागा : ऑनलाइन कौतुक, बायकांचं आणि पुरुषांचं

मैत्रिणीने फोटो टाकला की खाली बायकांची रांग लागते. "अगं, किती गोड दिसतेयस!", "हा रंग तुलाच शोभतो." पुरुष बहुधा अंगठा देऊन पुढे जातात. भाषाशास्त्रज्ञ जॅनेट होम्स यांनी न्यूझीलंडमधल्या संभाषणांवरून १९८८ मध्येच मांडलं होतं की बायका कौतुक जास्त करतात, त्यांच्या वाट्यालाही ते जास्त येतं, आणि त्यात दिसण्याचं बरंच असतं. ते समोरासमोरचं बोलणं होतं. ऑनलाइन तुमचा अनुभव काय? मिळालेलं, दिलेलं, द्यायचं राहून गेलेलं, सगळं लिहा.

---

मी पुरुष. बाईच्या फोटोवर 'सुंदर' लिहिताना बोट थबकतं. मन स्वच्छ असलं तरी वाचणारे भलतेच अर्थ काढतात आणि त्रास तिला होतो. म्हणून 'उजेड छान पकडलाय' असं लिहितो. २०१६ मध्ये फेसबुकवर बदाम आला, पण अंगठा कोरडा वाटतो आणि बदाम जास्त होतो. मित्रांचं सोपं असतं : "काय रे हिरो, शर्ट कुणाचा ढापलास?" हे कौतुकच आहे, हे त्यालाही कळतं.

---

भूजलावर लेख लिहिला होता. नकाशे, नोंदी, कित्येक रात्रींचं काम. पहिला प्रतिसाद एका पुरुषाचा : "प्रोफाइल फोटो मस्त!" फार लागलं मला ते. मैत्रिणींनी लिहिलं, "कसं जमतं गं तुला एवढं?" त्यात माया होती, पण लेख त्यांनीही वाचला नव्हता. मग एका अनोळखी गृहस्थांनी दुसऱ्या नकाशावर नेमका प्रश्न विचारला आणि शेवटी लिहिलं, "इतकं सोपं करून कुणी सांगितलं नव्हतं." ते मी जपून ठेवलंय.

---

वरच्या ताईंना अनुमोदन. माझ्या भरतकामाखाली स्वतः भरतकाम करणाऱ्या बायका विचारतात, टाका कुठला, दोरा किती पदरी. मला तेच आवडतं.

---

पुरुषाच्या दिसण्याबद्दल सहसा कुणी चांगलं लिहीत नाही हो. दाढी वाढवली तेव्हा जुन्या सहकारी बाईंनी लिहिलं, "शोभतेय तुम्हाला." अजून ठेवली आहे.

---

पहिल्या प्रतिसादातले दादा, तुमचा संकोच पटतो. पण मला खरा त्रास इनबॉक्समधल्या कौतुकाचा होतो. अनोळखी माणूस रात्री "फार सुंदर दिसता" लिहितो, उत्तर दिलं नाही की तोच घाणेरडं बोलतो. ओळखीच्या माणसाने सगळ्यांसमोर लिहिलेलं 'सुंदर' मला कधीच खुपलं नाही. तुम्ही उघड लिहा.