जोत्यातल्या जाळ्या, भोकं आणि झडप: कशासाठी असतात, बुजवावीत का?

प्रश्न

विटांची जुनी इमारत, तळमजल्याला तक्तपोशी (लाकडी फळ्यांची जमीन). बाहेरून गिलावा करायचा आहे. जोत्यात तीन गोष्टी दिसतात:

१) दर २ मीटरवर २२५ × १५० मिमीची बिडाची जाळी. जमिनीपासून जेमतेम दोन बोटं वर.
२) सगळीकडे एका रेषेत १२ मिमीची गोल भोकं, १२० मिमी अंतरावर, सिमेंटने बुजवलेली.
३) मागच्या भिंतीत एक लोखंडी झडप, गंजून घट्ट बसलेली.

गवंडी म्हणतो, सगळंच बुजवून सपाट करू. करू द्यावं का?

उत्तर १

जाळ्यांना हात लावू देऊ नका. तक्तपोशीखालच्या पोकळीतली दमट हवा त्यांतूनच बाहेर पडते. ती कोंडली की फळ्या पेलणाऱ्या वाशांची भिंतीत टेकलेली टोकं आधी ओली होतात. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते, आणि वरून काहीच दिसत नाही.

भिंतीच्या दर मीटरला साधारण १५०० चौ. मिमी मोकळी जागा लागते, म्हणजे तुमच्या प्रत्येक जाळीत ३००० हवी. जाळीचा आकार धरू नका, भोकं मोजा. १२ मिमीची चौकोनी २४ भोकं असतील तर ३४५६, पुरेशी. रंगाचे थर चढून तीच ९ मिमीची झाली असतील तर फक्त १९४४. रंग खरवडून काढा.

दोन बोटं उंची मात्र वाईट. बाहेरची जमीन नंतर भरून वर आलेली दिसते; पावसाचं पाणी आत जाईल. भिंतीलगत ३०० मिमी रुंदीची माती काढून जमीन जाळीखाली १५० मिमी न्या. पायाच्या खाली खणू नका.

उत्तर २

एका रेषेतली गोल भोकं ओल रोखणारं रसायन भिंतीत सोडण्यासाठी पाडलेली आहेत. सारखं अंतर आणि एकच रेषा ही त्याची खूण. बुजलेलीच राहू द्या. पण नवा गिलावा त्या रेषेच्या वरच थांबवा. जमिनीपर्यंत उतरवलात तर ओल गिलाव्यातून रेषा ओलांडून वर चढेल. भिंतीला लोणा असेल तर सुयांच्या ओलमापकावर विसंबू नका, क्षारांमुळे तो आकडा फुगवून दाखवतो.

झडपेसाठी वर बघा. बरोबर डोक्यावर धुराडं असेल आणि झडप वीतभरच असेल, तर ती राख-काजळी काढायची. मोठी असेल आणि आत उतरती घसरण लागली, तर कोळसा तळघरात टाकायची. धुराडं वापरात असेल तर झडप उघडता यायला हवी, पण बंद असताना घट्ट बसायला हवी. फटीतून हवा शिरली की धुराची ओढ कमी होते. आणि शेगडी, बॉयलर किंवा गीझर जिथे जळतो तिथली हवेची वाट कधीच बुजवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

प्रश्नकर्ता

झडप वीतभर आहे, वर धुराडं, वापरात नाही. जाळीतून लाकडी काठी घातली. समोरच्या बाजूला मोकळी जाते. मागे चारही जाळ्यांत ६०० मिमीवर अडते.

उत्तर १

लाकडी काठी घेतलीत ते बरं, आत वायर असू शकते. चारही ठिकाणी सारख्याच अंतरावर टणक लागत असेल तर वाशांना आधार देणारी बुटकी भिंत असेल. तिच्यात मुद्दाम विटा गाळून वाट ठेवलेली असते, ती मोकळी आहे का ते ८ मिमीच्या केबल-कॅमेऱ्याने पाहा. काठी भुसभुशीत ढिगात रुतत असेल तर जुना राडारोडा आहे. मागच्या खोलीत टाचेने ठोकून पाहा: बद्द आवाज आला तर तिथे नंतर काँक्रीट ओतलंय आणि समोरून आलेली हवा तिथेच अडते आहे. मग काँक्रीटखालून १०० मिमीचे पाइप मागच्या जाळ्यांपर्यंत न्यावे लागतील. हे ठरेपर्यंत गिलावा थांबवा.