प्रति: घरातली मराठी बंद करायची का?
शाळेत कन्नड आणि घरी मराठी, त्यामुळे स्वमग्न (ऑटिझम असलेलं) मूल गोंधळतं, तेव्हा मराठी थांबवा, असं वर सुचवलंय. अजिबात पटत नाही. दोन भाषांमुळे स्वमग्न मुलांचं बोलणं मागे पडतं असं अभ्यासांत आढळलेलं नाही. खानापूर-निपाणीकडच्या घरात आजीची भाषाच काढून घेतली तर मूल घरातच एकटं पडतं.

किशोरवयातल्या उदासीबद्दल मात्र इथे कुणी बोललं नाही. "कसं वाटतंय?" म्हटलं की बरीच स्वमग्न मुलं "काही नाही" म्हणतात, कारण स्वतःची भावना ओळखणंच त्यांना जड जातं. त्याऐवजी शरीराचं विचारा: पोटात दुखतंय, छातीत धडधडतंय, की डोकं जड झालंय? पर्याय कागदावर लिहून समोर ठेवा, बोट दाखवलं तरी पुरे. मग दहा सेकंद गप्प राहा. तोच प्रश्न शब्द बदलून विचारला की मुलाला पहिल्यापासून विचार करावा लागतो. शाळेत शांत आणि घरात पाऊल टाकताच रडारड, हा हट्ट नव्हे. दिवसभर स्वतःला दाबून ठेवल्याचा थकवा असू शकतो. झोप बिघडली किंवा जिवापाड आवडणारी गोष्ट, अगदी बसचे नंबर पाठ करणंसुद्धा, अचानक सुटली तर "स्वभावच तसा" म्हणू नका, डॉक्टरांना दाखवा. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा आली तर त्याला एकटं सोडू नका आणि लगेच टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येतं.